नौदलातल्या भावावर ठपका येतो तेव्हा घरच्यांनी काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा. मोठा भाऊ नौदलात कमांडर. त्याच्या जहाजावर अपघात झाला, एक नौसैनिक गेला, बोर्ड ऑफ इन्क्वायरी, म्हणजे खात्याची चौकशी, बसली. बोर्डाचं काम संपायच्या आतच एका बातमीत ‘वरिष्ठ अधिकाऱ्याचा निष्काळजीपणा’ असे शब्द आले. नाव छापलं नव्हतं, पण कॉलनीत आणि गावाकडे सगळ्यांना कळायचं ते कळलं. धाकटी बहीण विचारते आहे: दादा काहीच बोलत नाही. वहिनी म्हणते, गप्प बसा. आई म्हणते, पेपरात उत्तर द्या. एक मित्र पत्रकार आहे, तो मदत करायला तयार आहे. आम्ही दादाच्या पाठीशी उभं राहायचं म्हणजे नक्की काय करायचं? आणि खरंच त्याची चूक असली तर?

मी नौदलाच्या विधी शाखेत नोकरी केली आणि आता एएफटीच्या, म्हणजे सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या, मुंबई खंडपीठापुढे वकिली करतो. कायद्याचं सांगेनच, पण तुमचा प्रश्न कायद्याचा कमी आणि घराचा जास्त आहे.

आधी वहिनींच्या बाजूनं बोलतो. या घडीला गप्प बसा हा त्यांचा सल्ला बरोबर आहे. मात्र गप्प बसणं म्हणजे दारं लावून घेणं असा अर्थ घेऊ नका. बहुतेक घरं दोनपैकी एका टोकाला जातात. काही जण पहिल्या आठवड्यातच सगळ्या नातेवाइकांना फोन करून ‘आमचा असा नाहीच हो’ म्हणत सुटतात. काही जण जेवणाच्या टेबलावर विषयसुद्धा काढत नाहीत, आणि ज्याच्यावर बेतलं आहे तो माणूस स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा वावरायला लागतो. घरच्यांचं खरं काम मधे कुठंतरी आहे: कागद जपायचे आणि माणूस जपायचा. तो निर्दोष आहे असं जाहीर करणं तुमच्याकडे नाही. तुम्ही जहाजावर नव्हता, त्यामुळे ते तुम्हाला माहीतही नाही. आणि माहीत असतं, तरी सख्ख्या बहिणीच्या तोंडून ते ऐकून कुणाचं मत बदललं नसतं.

हे कठोर वाटेल, म्हणून एक प्रकरण जरा सविस्तर सांगतो.

अमेरिकेची ‘इंडियानापोलिस’ ही क्रूझर जुलै १९४५ मध्ये हिरोशिमावर पडलेल्या अणुबॉम्बचे भाग टिनियन बेटावर पोहोचवून ग्वाममार्गे फिलिपिन्समधल्या लेतेकडे निघाली होती. कप्तान होते चार्ल्स मॅकव्हे. त्यांनी सोबतीला विनाशिका मागितली, ती मिळाली नाही. त्या भागात जपानी पाणबुड्या फिरत असल्याची गुप्त माहिती वरिष्ठांकडे होती, ती त्यांच्यापर्यंत पोहोचली नाही. ३० जुलैला मध्यरात्र उलटल्यावर थोड्याच वेळात आय-५८ या पाणबुडीचे टॉर्पेडो लागले आणि जहाज सुमारे बारा मिनिटांत बुडालं. १,१९५ जणांपैकी ३१६ वाचले. मेलेल्यांतले कित्येक जण पाण्यात तग धरून असताना, तहानेनं, उन्हानं, शार्कच्या तोंडी गेले. जहाज ठरल्या दिवशी बंदरात आलं नाही याची दखलच कुणी घेतली नव्हती. २ ऑगस्टला गस्तीवरच्या एका विमानाला ही माणसं दिसली, तीही योगायोगानं.

एवढ्या सगळ्या गोंधळाचा जाब द्यायला उभा केला गेला तो कप्तान. ३ डिसेंबर १९४५ ला वॉशिंग्टनच्या नेव्ही यार्डमध्ये कोर्ट मार्शल सुरू झालं. आरोप दोन: पाणबुडीचा नेम चुकावा म्हणून जहाज नागमोडी चालवायचं, तसं न चालवता ते धोक्यात घातलं, आणि जहाज सोडण्याचा हुकूम वेळेत दिला नाही. दुसऱ्यातून ते सुटले, पहिल्यात दोषी ठरले. खरं तर नागमोडी चालायचं की नाही हे त्यांच्या मर्जीवर सोडलेलं होतं. सरकारी पक्षानं आय-५८ चा कप्तान मोचित्सुरा हाशिमोतो याला जपानहून साक्षीला आणलं, आणि नागमोडी चालवलं असतं तरी माझा नेम चुकला नसता अशा अर्थाची साक्ष त्यानं दिली. तरीही शिक्षा झाली: ज्येष्ठता यादीत शंभर जागा खाली. ती पुढे माफ झाली आणि १९४९ मध्ये ते रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाले. त्या युद्धात अमेरिकेची शेकडो जहाजं बुडाली. शत्रूच्या हल्ल्यात जहाज गमावलं म्हणून खटला चाललेले मॅकव्हे हे एकटेच कप्तान.

शिक्षा माफ झाली, पण लोकांनी माफ केलं नाही. मेलेल्या खलाशांच्या घरून त्यांना पत्रं येत राहिली, सणासुदीला विशेषकरून. आमच्या मुलाला तू मारलंस, हाच त्यांचा आशय. ही पत्रं वर्षानुवर्षं आली. ६ नोव्हेंबर १९६८ ला कनेटिकटमधल्या राहत्या घरी मॅकव्हे यांनी आत्महत्या केली.

त्यांचा मुलगा किमो यानं वडिलांच्या नावावरचा डाग पुसण्यासाठी अनेक वर्षं खटपट केली. मुलगाच तो, वडिलांची बाजू घेणारच, असं म्हणून त्याचं म्हणणं बाजूला सारणं सगळ्यांना सोपं होतं. या प्रकरणात एक सूडाची कथाही फिरते: मॅकव्हे यांच्या वडिलांनी, तेही ॲडमिरल, कधीकाळी तरुण अर्नेस्ट किंग यांची कानउघाडणी केली होती आणि नौदलप्रमुख झाल्यावर किंग यांनी त्याचा वचपा मुलावर काढला. खरी असेल किंवा नसेल, त्या कथेनं सरकारी नोंदीतलं एक अक्षरही हललं नाही. तुमच्या घरातही अशी एखादी कथा आत्तापर्यंत तयार झाली असेल. बॅचमेटनं डाव साधला, सीओला, म्हणजे जहाजाच्या प्रमुखाला, वाचवायला दादाचा बळी दिला, वगैरे. ती कथा घरातच ठेवा.

नोंद हलली ती वेगळ्या माणसांमुळे. वाचलेले खलाशी आपल्या कप्तानाच्या बाजूनं ठाम राहिले. पाण्यात चार दिवस काढलेल्या, डोळ्यांदेखत मित्र गमावलेल्या या माणसांना रागावण्याचा सर्वांत मोठा हक्क होता, आणि तेच म्हणत होते की कप्तानाचा दोष नाही. १९६० मध्ये त्यांच्या मेळाव्याला मॅकव्हे घाबरत घाबरत गेले, तेव्हा या लोकांनी त्यांना सलाम ठोकून आत घेतलं होतं. मग युद्धकाळातले गुप्त कागद खुले झाले आणि वरिष्ठांना काय माहीत होतं ते उघड झालं. १९९६ च्या सुमारास हंटर स्कॉट नावाचा फ्लोरिडातला बारा वर्षांचा शाळकरी मुलगा इतिहासाच्या प्रकल्पासाठी या प्रकरणाच्या मागे लागला आणि त्यानं दीडशेच्या आसपास वाचलेल्यांशी संपर्क साधला. त्याचं या घराशी काहीही नातं नव्हतं, हेच त्याचं बळ. सप्टेंबर १९९९ मध्ये सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली. हाशिमोतो यांनीही मॅकव्हे यांच्या बाजूनं पत्र पाठवलं. ऑक्टोबर २००० मध्ये काँग्रेसच्या ठरावावर राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांची सही झाली आणि जुलै २००१ मध्ये नौदलमंत्र्यांनी मॅकव्हे यांच्या सेवापुस्तकात दोषमुक्तीची नोंद करायला लावली. कोर्ट मार्शलचा निकाल मात्र कायद्यानं रद्द झालेला नाही. तो आजही तसाच आहे, फक्त त्याच्याशेजारी हा ठराव लावलेला आहे.

यातून मी माझ्या अशिलांच्या घरच्यांना एवढंच सांगतो: ज्यांच्या शब्दाला किंमत आहे अशी माणसं कधी ना कधी बोलतील. ती बोलेपर्यंत त्यांना बोलावंसं वाटेल इतपत तुमचं वागणं राहू द्या.

आता तुमच्याकडे येतो. गेलेल्या नौसैनिकाचं घर कुठंतरी आहे. हरियाणात असेल, आंध्रात असेल, कोकणातही असेल. तुमच्या घरातल्या एकानंही, अगदी फॅमिली ग्रुपवरसुद्धा, ‘त्या पोरानंच सेफ्टी पाळली नसणार’ असं लिहू नये. हे मी सभ्यतेसाठी सांगत नाही. असा मेसेज फिरत फिरत जहाजावर पोहोचतो, आणि दादाबरोबर काम केलेले जे चीफ आणि सेलर बोर्डापुढे सरळ बोलणार असतात त्यांची तोंडं आवळली जातात. वॉर्डरूमपेक्षा, म्हणजे अधिकाऱ्यांच्या मेसपेक्षा, खलाशांच्या मेसडेकला माणूस जास्त नीट कळलेला असतो. तिथली सहानुभूती एका मेसेजनं जाते.

त्या घरी सांत्वनाला जावं का, असं पुष्कळदा विचारलं जातं. बोर्ड चालू असताना घरच्यांनी आपण होऊन जाऊ नये. तुमचा हेतू कितीही निर्मळ असला, तरी उद्या त्याचा अर्थ ‘दबाव टाकायला आले होते’ असा लावता येतो. नौदलाच्या रीतीप्रमाणे जे जायचं ते युनिटकडून जातं. पुढे कधी, सगळं आटोपल्यावर, दादाला स्वतःला जावंसं वाटलं तर तो जाईल. साक्षीदारांना फोन करण्याबद्दल तर हाच नियम अजून कडक आहे. ओळखीचा असला, दिवाळीला फराळाला येणारा असला, तरी साक्ष होईपर्यंत फोन नाही.

बोर्डाविषयी आईंना समजावून सांगायला हवं, कारण बोर्ड म्हणजे खटला असं त्यांनी धरलं असणार. बोर्ड ऑफ इन्क्वायरी घडलं काय ते शोधते. शिक्षा देत नाही. तिचा अहवाल वर जातो, वरिष्ठ अधिकारी त्यावर आपलं मत लिहितात, आणि मग ठरतं: काहीच करायचं नाही, प्रशासकीय कारवाई करायची, की कोर्ट मार्शल. प्रशासकीय कारवाईत सर्वसाधारणपणे नापसंतीचं पत्र येतं, ज्याला सगळे ‘डिस्प्लेझर’ म्हणतात. ‘सिव्हिअर डिस्प्लेझर’ आलं आणि ते नोंदीत धरलं गेलं की पुढच्या बढतीवर त्याचं सावट राहतं. कोर्ट मार्शल झालंच तर त्यात पाच ते नऊ अधिकारी बसतात, आरोपीला वकील देता येतो, आणि निकालानंतर नौदलाच्या जज ॲडव्होकेट जनरलकडून कायद्याच्या बाजूनं फेरतपासणी होते. ही सोय १९५७ च्या नेव्ही ॲक्टमध्येच आहे.

बोर्डाच्या टप्प्यावर सर्वांत महत्त्वाचा हक्क एकच. ज्याच्या चारित्र्यावर किंवा वागणुकीवर बोर्डाच्या कामकाजाचा परिणाम होणार आहे, त्याला कामकाजाला हजर राहण्याची, साक्षीदारांना उलट प्रश्न विचारण्याची आणि स्वतःचे साक्षीदार आणण्याची संधी द्यावी लागते. पुष्कळ चांगले अधिकारी इथं संकोच करतात. सीनियरला उलट प्रश्न कसा विचारायचा? वाईट दिसेल. काही वाईट दिसत नाही. दादा बोलत नसला तरी एवढं एक वाक्य त्याच्या कानावर घाला: तो हक्क मागून घे, आणि लेखी माग.

हा हक्क नसला की काय होतं याचं उदाहरण ॲडमिरल हसबंड किमेल. पर्ल हार्बरच्या वेळी ते पॅसिफिक ताफ्याचे प्रमुख होते. ७ डिसेंबर १९४१ ला हल्ला झाला, दहा दिवसांच्या आत त्यांना पदावरून दूर केलं. न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांच्या आयोगानं जानेवारी १९४२ मध्ये त्यांच्यावर कर्तव्यात कसूर केल्याचा ठपका ठेवला. आयोगापुढे त्यांना वकील नव्हता, इतरांच्या साक्षींना उत्तर देण्याची सोय नव्हती. १९४४ मध्ये नौदलाच्याच चौकशी न्यायालयानं त्यांना बव्हंशी दोषमुक्त केलं, पण ते निष्कर्ष युद्ध संपेपर्यंत लोकांसमोर आले नाहीत. तोवर देशाचं मत पक्कं झालं होतं. त्यांच्या घराकडे पुन्हा येईन.

कागदांचं काम तुम्ही, बहीण म्हणून, उत्तम करू शकता, कारण दादाला आणि वहिनींना सध्या ते सुचणार नाही. एक साधी वही करा. कोणत्या तारखेला काय घडलं, कोणतं पत्र कधी हातात मिळालं, कुणी तोंडी काय सांगितलं, हे त्याच दिवशी लिहा. त्याला अधिकृतपणे मिळालेल्या प्रत्येक कागदाची प्रत एका फाइलीत ठेवा, पाकिटासकट, कारण कधीकधी पाकिटावरची तारीखच कामाला येते. जुने नेमणुकीचे हुकूम, प्रशस्तिपत्रं, वैद्यकीय कागद हेही त्यातच. आणि एक गोष्ट अजिबात नको: जहाजाचं लॉग म्हणजे नोंदवही, सिग्नल, नकाशे, यंत्रांचे फोटो, यातलं काहीही घरात किंवा कुणाच्या फोनमध्ये नको. ‘पुरावा म्हणून ठेवला’ हे उत्तर शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ पुढे टिकत नाही. एका अपघाताच्या चौकशीतून हेरगिरीसारखी दुसरी चौकशी उभी राहिली तर पहिली बाजूलाच पडते. हवे ते कागद मागायची जागा बोर्ड आहे, नंतर एएफटी आहे. माहिती अधिकारातून सगळं मिळेलच असं समजू नका.

प्रतिकूल आदेश आला तर आधी खात्यातच लेखी दाद मागायची, ज्याला आरओजी म्हणतात. तिथं नकार आला तर साधारणपणे अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत एएफटीकडे जायचं. उत्तरच आलं नाही तर अर्ज दिल्यापासून सहा महिने वाट पाहून पुढची मुदत मोजायची. मुदत चुकली तर उशीर माफ करून घेता येतो, पण त्यावर वेगळी लढाई होते. २००७ च्या एएफटी कायद्यात एक तरतूद फार कमी घरांना माहीत असते: सेवेसंबंधीच्या बाबींत वारस आणि अवलंबून असलेले नातेवाईकही दाद मागू शकतात. म्हणजे अधिकारी हयात नसला तरी त्याच्या नोंदीचा प्रश्न कायमचा मिटतो असं नाही.

पत्रकार मित्राचं काय? आत्ता नको. सेवेतला अधिकारी परवानगीशिवाय प्रसारमाध्यमांशी बोलू शकत नाही, आणि बहिणीच्या नावानं आलेल्या बातमीत फक्त त्यालाच माहीत असणारा तपशील आला की प्रश्न त्यालाच विचारला जाणार. शिवाय लोकमत आणि निकाल हे एकाच दिशेला जातात असंही नाही. नानावटी प्रकरण मुंबईत अजून विसरलेलं नाही. १९५९ मध्ये कमांडर नानावटी यांनी पत्नीचे प्रियकर प्रेम आहुजा यांना गोळ्या घातल्या. ‘ब्लिट्झ’ या साप्ताहिकानं नानावटींची बाजू उचलून धरली, शहर त्यांच्या बाजूनं होतं, ज्युरीनं आठ विरुद्ध एक मतानं निर्दोष म्हटलं. सेशन्स जज्जांनी तो कौल न स्वीकारता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, तिथं जन्मठेप झाली, १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. राज्यपालांकडून माफी मिळाली ती १९६४ मध्ये, आणि त्यासाठी आहुजांच्या बहिणीची संमती घ्यावी लागली. म्हणजे शेवटी किल्ली समोरच्या घरातल्या बहिणीकडे होती, ‘ब्लिट्झ’कडे नव्हती. नानावटी कुटुंब पुढे कॅनडाला गेलं.

बोलण्याची वेळ कधीच येत नाही असंही मी म्हणणार नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये कतारमध्ये आठ माजी नौदल कर्मचाऱ्यांना अटक झाली. त्यांतल्या एकाच्या बहिणीनं ऑक्टोबरमध्ये समाजमाध्यमावर लिहिलं तेव्हा ही गोष्ट देशाला कळली. तिनं केलं ते योग्यच, कारण आपला माणूस परदेशात कोठडीत आहे आणि इथं कुणाला पत्ता नाही, अशी ती अवस्था होती. त्यानंतर या घरांनी पुष्कळ संयम पाळला, वकील आणि परराष्ट्र खातं यांच्यामार्फत काम होऊ दिलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये फाशीची शिक्षा सुनावली गेली तेव्हा वाहिन्यांचे कॅमेरे दाराशी असतानाही बहुतेकांनी तोंड उघडलं नाही. डिसेंबरात फाशी रद्द होऊन कैद झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आठांपैकी सात जण एकदमच परतले. तुमचा दादा कोठडीत नाही, त्याचं प्रकरण कुणी दडपलेलं नाही, त्याला बोलायला व्यासपीठ आहे. म्हणून पत्रकार मित्राला चहा पाजा आणि विषय बदला.

नातेवाइकांसाठी एक वाक्य ठरवून घ्या आणि सगळ्यांनी तेच म्हणा: ‘चौकशी चालू आहे, संपली की कळेल, तो बरा आहे.’ काका-मावश्यांचे फोन एकानंच घ्यावेत. या कामाला तुम्हीच बऱ्या.

वहिनींचा भार मात्र तुम्हाला पुण्यात किंवा गावी बसून दिसणार नाही. नेव्ही नगरसारख्या वसाहतीत घर, शाळा, दवाखाना, क्लब सगळं एकाच पाण्यात असतं. मुलगी शाळेच्या बसमध्ये काहीतरी ऐकून येते. वेल्फेअरच्या कार्यक्रमाचं बोलावणं येतं, पण शेजारची खुर्ची रिकामी राहते. ज्यांच्याशी वहिनी बोलू शकतील त्या सगळ्या कुणा ना कुणा अधिकाऱ्याच्या बायका आहेत, आणि कुणाचा नवरा बोर्डावर आहे हे कधी कळत नाही. त्यात कधीकधी वादाची दिशा थेट बायकोवर वळते. १९९८ मध्ये ॲडमिरल विष्णू भागवत यांना नौदलप्रमुख पदावरून बडतर्फ केलं, त्या वादात त्यांच्या वकील पत्नीचा धर्म आणि राजकीय मतंही ओढली गेली होती. भागवत बरोबर की सरकार, यावर अजून वाद होतात. बायकोचं कूळ काढायचं मात्र त्यात काहीच कारण नव्हतं. तुम्ही काही दिवस तिकडे जाऊन राहिलात तर सल्ल्यांपेक्षा त्याचा उपयोग होईल. मुलांना शाळेत सोडा, बाजार करा, आणि वहिनींना ‘तू त्याला काही विचारलंस का?’ असं विचारू नका. त्या बायको आहेत, तपास अधिकारी नाहीत.

दादाच्या गप्प राहण्याबद्दल सावध राहा. बोलायचं नाही असा सल्ला वकिलानं दिला असेल, तो वेगळा. पण झोप उडणं, पिणं वाढणं, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ अशा अर्थाचं काही तोंडून निघणं, हे दिसलं तर बढतीचा विचार बाजूला ठेवा. मानसोपचाराची नोंद झाली तर मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तंदुरुस्तीची श्रेणी, जाईल या भीतीनं घरं थांबतात. कॅटेगरी परत मिळू शकते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक कुठल्याही वेळी चालतो, आणि सैन्यदलांसाठी त्यांचा खास कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात, सुरू झाला आहे. बोर्ड, डिस्प्लेझर, बढती या सगळ्याला पुढे कुठंतरी दाद आहे.

आता तुमचा सर्वांत अवघड प्रश्न. चूक असली तर?

समुद्रावरच्या नोकरीत जबाबदारी आणि दोष वेगळे असतात, हे घरच्यांना समजलं की निम्मं ओझं उतरतं. जहाजावर जे घडतं त्याला अधिकारी जबाबदार, तो त्या क्षणी झोपला असला तरी. २६ फेब्रुवारी २०१४ ला ‘सिंधुरत्न’ पाणबुडीवर आग लागून दोन अधिकारी गेले, आणि नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. आग त्यांनी लावली नव्हती हे शाळकरी मुलालाही कळत होतं. तेव्हा बोर्डानं दादाला जबाबदार धरलं तर तेवढ्यावरून तो वाईट अधिकारी किंवा वाईट माणूस ठरत नाही. अंदाज चुकला, आदेश द्यायला उशीर झाला, ज्युनिअरवर जास्त विसंबला, अशी चूक असेल तर ती त्यानं मान्य करण्याच्या आड तुम्ही येऊ नका. हे घरांकडून फार होतं. आई म्हणते, ‘तू काही चुकीचं केलं नाहीस म्हण.’ मग जो माणूस बोर्डापुढे सरळ सांगणार होता, तो आईसाठी अडून बसतो आणि साध्या चुकीवर खोटेपणाचं पुट चढतं. चुकीच्या निर्णयानंतर सावरलेली करिअर मी पाहिली आहेत. लॉगमध्ये खाडाखोड केल्यावर सावरलेलं करिअर नाही पाहिलं.

आरोप पैशांचा, माहिती फोडण्याचा किंवा एखाद्या स्त्रीनं केलेल्या तक्रारीचा असता तर माझं उत्तर बदललं असतं. तिथं पाठीशी उभं राहता राहता पाठीशी घालणं कधी सुरू होतं ते घरच्यांना कळत नाही. तेव्हाही भाऊ भाऊच राहतो, वकील द्यायचा, डबा न्यायचा. पण तक्रारदाराच्या दारात जायचं नाही आणि तिच्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही. तुमच्या बाबतीत तसं काही नाही, तरी लिहून ठेवतो, कारण हे उत्तर इतरही वाचतील.

किमेल यांच्या घराकडे येतो म्हणालो होतो. त्यांचे मुलगे त्याच नौदलात होते. मॅनिंग किमेल ‘रोबालो’ या पाणबुडीचा कप्तान होता, जुलै १९४४ मध्ये तो फिलिपिन्सजवळ बोटीसकट गेला. ज्या नौदलात बापाला पदावरून दूर केलं त्याच नौदलासाठी. किमेल स्वतः मे १९६८ मध्ये वारले. थॉमस आणि एडवर्ड या उरलेल्या मुलांनी, मग नातवांनी, वडिलांना युद्धकाळातला चार ताऱ्यांचा हुद्दा परत मिळावा म्हणून लढा चालू ठेवला. १९९५ च्या सरकारी फेरतपासणीत पर्ल हार्बरचा दोष अनेकांमध्ये वाटला जायला हवा असं मान्य झालं, हुद्द्याची शिफारस मात्र झाली नाही. मे १९९९ मध्ये सिनेटमध्ये ५२ विरुद्ध ४७ मतांनी किमेल यांची बाजू जिंकली, २००० च्या कायद्यात राष्ट्राध्यक्षांना तशी विनंतीही झाली. त्यानंतर आलेल्या एकाही राष्ट्राध्यक्षानं ती विनंती मान्य केली नाही.

मला या घराबद्दल आदर आहे आणि काळजीही वाटते. तीन पिढ्या एका हुद्द्यासाठी. मॅकव्हे यांच्या बाजूनं बोलायला जिवंत खलाशी होते, किमेल यांच्या बाजूनं उत्तरोत्तर फक्त किमेलच उरले, आणि अर्ज तिथंच अडकला. प्रत्येकानं इतकं लांब जावं असं मला वाटत नाही. दाद मागण्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत: आरओजी, एएफटी, आणि फार झालं तर सर्वोच्च न्यायालय. त्या चढायच्या की नाही हे दादानं ठरवायचं, तुम्ही नाही. त्यानं डिस्प्लेझर स्वीकारून पुढे जायचं म्हटलं, तर ‘तू लढायला हवं होतंस’ असं नंतर वीस वर्षं त्याला ऐकवू नका. काही अधिकाऱ्यांना नावापेक्षा समुद्र परत हवा असतो.

राहिल्या आई. त्यांना पेपरात उत्तर हवं आहे, कारण देवळात आणि भाजीच्या रांगेत त्यांना रोज प्रश्न येतात आणि त्यांच्याकडे उत्तर नाही. त्यांच्यापासून लपवू नका. बोर्ड म्हणजे काय, किती वेळ लागतो, वाईटात वाईट काय होऊ शकतं, हे शांतपणे बसून सांगा. दादानंच सांगितलं तर सर्वांत उत्तम, फोनवर नव्हे, रजा मिळाली की समोर बसून. सरकारी नोकरदाराच्या आईनं पूर्वीही चौकश्या, बदल्या, मेमो बघितलेले असतात. आपण समजतो त्यापेक्षा त्यांना जास्त पेलतं. वर दिलेलं ते एक वाक्य त्यांनाही द्या. रांगेत म्हणायला काहीतरी असलं की पेपराचा हट्ट बहुधा आपोआप मागे पडतो.

बोर्डाचा निष्कर्ष हातात आला की कागद घेऊन एखाद्या सेवाविषयक वकिलाकडे जा, त्यातल्या त्यात एएफटीत नियमित उभा राहणारा बघा. घराजवळचा दिवाणी वकील कितीही हुशार असला तरी हे काम वेगळं आहे. जाताना ती वही घेऊन जा.